गळ आणि जाळें

वसईच्या माणसाला मासा म्हणजे काय हें सांगण्याची जरुरी पडत नाहीं. उत्तरेस वैतरणेचें मुख, दक्षिणेस उल्हास नदीची खाडी आणि पश्चिमेस समुद्र, अशी या भूमीची मांडणी आहे. आणि अर्नाळा, पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगांव हीं नांवें नुसतीं उच्चारलीं तरी वाळत घातलेले बोंबील आणि ओहोटीच्या चिखलांत टेकलेल्या होड्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. असें असूनहि विरारकडील आमच्या परिचयाच्या एका सुशिक्षित कुटुंबानें परवां एक साधा प्रश्न विचारला, आणि त्याचें उत्तर शोधतां शोधतां मराठी वाङ्मयांतील एका मोठ्या रिकाम्या जागेशीं आम्ही येऊन थांबलों.

ही मंडळी येत्या सुटींत गढवालांतील दोडीताल या सरोवरावर जाण्याचा बेत करीत आहेत. उत्तरकाशीहून संगमचट्टीपर्यंत वाहन. तेथून अगोडा गांवावरून सुमारें वीस-बावीस किलोमीटरांची चढणीची पायवाट. समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरांहून अधिक उंचीवर, ओक आणि देवदार यांच्या रानांत, एक लहानसें तळें. कांठाजवळ वनखात्याचें विश्रामगृह. आणि पाण्यांत ट्राउट नांवाचा ठिपकेदार मासा. चिरंजीवांना गळ टाकण्याचा नाद आहे, वडिलांना डोंगरांचा, आणि या दोन्ही नादांचें सामान बांधण्याचें काम अर्थात् मातोश्रींकडे आहे. परवानगीचा अर्ज कोठें करावा, थंडीचे कपडे किती न्यावे, पहिला मुक्काम कोठें पडावा, यांचीं टिपणें झालींच होतीं. प्रश्न होता तो असा: जाण्यापूर्वीं घरांत सर्वांनीं मिळून वाचावें असें या विषयावरचें मराठी पुस्तक कोणतें?

माशांच्या पाककृतींचीं पुस्तकें मराठींत आहेत, मत्स्यव्यवसायावरचीं शास्त्रीय पुस्तकें आहेत, समुद्राच्या पार्श्वभूमीवरील कथा-कादंबऱ्याहि आहेत. परंतु हातांत गळ घेऊन पाण्याच्या कांठीं बसलेल्या माणसाचें वाङ्मय, ज्याला इंग्रजींत एक स्वतंत्र आणि मानाची शाखा म्हणून स्थान आहे, त्याची परंपरा आमच्याकडे निर्माण झालेली नाहीं. ती कां झाली नाहीं, आणि न झाल्यानें आपलें कांहीं अडलें आहे काय, याचा विचार करावा एवढाच या लेखाचा हेतु आहे.

१

इंग्रजींतील या शाखेचा मूळपुरुष आयझाक वॉल्टन. हा लंडनमधील एक व्यापारी गृहस्थ. त्याचें 'दि कंप्लीट अँग्लर' हें पुस्तक इ. स. १६५३ मध्यें प्रसिद्ध झालें. त्यापूर्वीं चारच वर्षें इंग्लंडच्या राजाचा शिरच्छेद झाला होता. देश यादवी युद्धानें पोळला होता. आणि वॉल्टन हा पराभूत झालेल्या राजपक्षाचा अभिमानी होता. अशा वेळीं साठीच्या घरांतला हा माणूस पुस्तक लिहावयास बसतो आणि तें राजकारणावर न लिहितां नदीवर लिहितो. मे महिन्यांतील एका सकाळीं टॉटनहॅमच्या टेकडीपाशीं वाटसरू भेटतात. एक गळवाला, दुसरा शिकारी. प्रत्येकजण आपल्या कलेची थोरवी गातो, आणि चालतां चालतां शिकारी हा गळवाल्याचा शिष्य बनतो. आपल्याकडील गुरुशिष्यसंवादाची घडण ज्यांच्या परिचयाची आहे, त्यांना या पुस्तकाची बैठक परकी वाटण्याचें कारण नाहीं. ख्रिस्ताच्या शिष्यांपैकीं चौघे मासे धरणारे होते याची आठवण वॉल्टन मोठ्या अभिमानानें करून देतो; वसईच्या ख्रिस्ती वाचकाला तर ती घरचीच आठवण वाटेल.

या पुस्तकांत माहिती पुष्कळ आहे, पण ती सारीच खरी नाहीं. पाइक नांवाचा मासा एका पाणवनस्पतीपासून उत्पन्न होतो, असा जुना समज वॉल्टन श्रद्धापूर्वक उद्धृत करितो. मग साडेतीनशें वर्षांहून अधिक काळ हें पुस्तक टिकलें कशाच्या बळावर? आमच्या मतें तें टिकलें वाट पाहण्याच्या बळावर. त्यांत मासा गळाला लागण्याचे क्षण थोडे. चालणें, झाडाखालीं पावसाची सर थांबेपर्यंत बसणें, गाणें ऐकणें, उद्यांचा बेत ठरविणें, रात्रीं खानावळींत मासा कसा शिजवावा याची चर्चा करणें, हेंच फार. 'चिंतनशील माणसाचा विरंगुळा' असें उपनाम त्यानें पुस्तकाला दिलें, तें शोभेसाठीं दिलेलें नाहीं. १६७६ च्या आवृत्तीला त्याचा तरुण मित्र चार्ल्स कॉटन यानें दुसरा भाग जोडला. या कॉटननें डव्ह नदीच्या कांठीं १६७४ मध्यें एक लहानशी मत्स्यकुटी बांधली आणि तीवर आपल्या व वॉल्टनच्या नांवांचीं आद्याक्षरें एकांत एक गुंफून कोरविलीं. दूरच्या पाण्याच्या कांठीं विश्रामगृह गांठून राहण्याची जी आवड आज सर्व जगभर पसरली आहे, तिचें हें एक जुनें आणि गोड उदाहरण होय.

या शाखेंतील सर्वांत अर्थपूर्ण आधुनिक लेखन आमच्या दृष्टीनें अर्नेस्ट हेमिंग्वेचें. त्याची 'बिग टू-हार्टेड रिव्हर' ही कथा १९२५ सालची. निक नांवाचा तरुण एका जळून गेलेल्या गांवाशीं आगगाडींतून उतरतो, पाठीवर ओझें घेऊन नदीकडे चालत जातो, तंबू ठोकतो, जेवण करितो, कॉफी उकळतो आणि झोपतो. कथेचा पहिला भाग येथें संपतो, आणि अद्याप पाण्यांत गळ पडलेला नाहीं! हा तरुण महायुद्धावरून परतला आहे; पण संबंध कथेंत युद्धाचा उल्लेख नाहीं. तंबूची प्रत्येक खुंटी नीट बसविण्यांत, सकाळीं दंव पडलेल्या गवतांतून आमिषासाठीं नाकतोडे गोळा करण्यांत तो आपलें विस्कटलेलें मन पुन्हां बांधून घेत आहे, हें वाचकाला न सांगतां कळतें. शेवटीं नदी ज्या दलदलींत शिरते तेथें मासे धरण्याचें तो दुसऱ्या दिवसावर टाकतो. तयारी हीच येथें कथावस्तु आहे. प्रवासाचा बेत करणाऱ्या कुटुंबानें वाचावी अशी याहून चांगली कथा आम्हांस ठाऊक नाहीं.

हिंदुस्थानांतील पाण्यावर इंग्रजांनीं जें लिहिलें त्यांतहि दोन जाती आहेत. मद्रासकडील मुलकी अधिकारी एच. एस. थॉमस याचें 'दि रॉड इन इंडिया' १८७३ मध्यें मंगळुरास छापलें गेलें. महासीर हा आपल्या नद्यांतला मासा झुंजीच्या बाबतींत विलायतेच्या सामनपेक्षां सरस आहे, हें मत इंग्रज वाचकांत रुजविणारा हाच ग्रंथकार. मॅकडोनल्डचें १९४८ चें महासीरावरील पुस्तक मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीनें काढलें. तें मार्गदर्शक म्हणून उपयोगी, पण उपयोग संपला कीं मिटून ठेवावें असें. याउलट जिम कॉर्बेटच्या 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' (१९४४) या प्रसिद्ध पुस्तकांत नरभक्षक वाघांच्या कथांबरोबर 'स्वप्नांतला मासा' अशा अर्थाचें एक प्रकरण आहे, तें पुन्हां पुन्हां वाचावेंसें वाटतें. मासा किती पौंडांचा होता हें आपण विसरून जातों. नदीचा कांठ विसरत नाहीं. चांगलें आणि सामान्य यांतला भेद येथें उघड दिसतो. सामान्य लेखक परत आल्यावर लिहितो आणि वजन सांगतो. चांगला लेखक आपल्याला बरोबर नेतो आणि कांठावर बसवितो.

२

आतां मराठीकडे वळूं. आपल्या भाषेंत गळ हा शब्द कोणकोणत्या संगतींत येतो तें पाहिलें तरी पुष्कळ उलगडा होईल. एखादा भोळा माणूस फसला कीं तो 'गळाला लागला' असें आपण म्हणतों. लोभ दाखविणें म्हणजे 'आमिष दाखविणें'. कोणाच्या मागें लागून त्याला नको तें करावयास भाग पाडणें म्हणजे 'गळ घालणें'. एकाहि वाक्प्रचारांत गळ टाकणाऱ्याची बाजू नाहीं. भाषेनें हा न्याय आधींच करून ठेविला आहे: गळ म्हणजे कपट, आणि मासा म्हणजे बिचारा जीव.

हा न्याय आला कोठून, हें शोधावयास फार दूर जावें लागत नाहीं. भागवताच्या एकादश स्कंधांत अवधूतानें जे चोवीस गुरु सांगितले आहेत, त्यांत मीन हा एक आहे. जिभेच्या लोभानें तो गळ गिळतो आणि प्राणास मुकतो, म्हणून रसना जिंकावी, हा त्याचा उपदेश. एकनाथांनीं या स्कंधावरील आपली मराठी टीका वाराणसीस १५७३ मध्यें पुरी केली, आणि ती घरोघर वाचली गेली. संतांच्या अभंगांत पाण्याबाहेर तळमळणारी मासोळी ही देवाच्या भेटीसाठीं व्याकुळ झालेल्या भक्ताची प्रतिमा झाली. महाडजवळील वाळण कोंडासारख्या डोहांत देवाचे म्हणून मानलेले मासे धरावयाचे नाहींत, त्यांना खावयास घालावयाचें, अशी चाल आहे. थोडक्यांत, मराठी मनानें गळाकडे पाहिलें तें माशाच्या बाजूनें. या दृष्टींत जें कारुण्य आहे तें आपल्या वाङ्मयाचें भूषण आहे, आणि तें कमी व्हावें असें आम्ही म्हणत नाहीं. पण कांठावरच्या माणसाला त्यांत तोंड उरलें नाहीं, हेंहि खरें.

या भूमीवर दुसरी दृष्टि कधीं नव्हतीच, असें मात्र नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानें बाराव्या शतकांत 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचिला. पांच विंशति आणि शंभर अध्याय असा त्याचा विस्तार. राजनीतीपासून पाकशास्त्रापर्यंत आणि गजपरीक्षेपासून संगीतापर्यंत सर्व विषय त्यांत आले आहेत. अभ्यासक प्राचीन मराठीचे नमुने म्हणून ज्यांचा निर्देश करितात अशीं पद्यें याच ग्रंथांत आहेत. राजाच्या करमणुकींचा जो भाग आहे त्यांत 'मत्स्यविनोद' हें प्रकरण येतें. समुद्रांतले मासे कोणते, नदींतले कोणते. खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते. कोणाला काय खाऊं घालून एका जागीं येण्याची संवय लावावी. दोरी कशाची, काठी कशी, गळ कसा, याचें वर्णन राजा पद्धतशीर करितो. वॉल्टनच्या आधीं पांचशें वर्षें दख्खनच्या राजानें या विषयाला ग्रंथांत स्थान दिलें होतें. परंतु सोमेश्वराच्या प्रकरणांत शास्त्र आहे, वैभव आहे. वाट पाहणें नाहीं. राजाला वाट पाहावी लागत नाहीं, त्याच्यासाठीं मासाच आधीं तयार करून ठेविलेला असतो. म्हणून तें प्रकरण कोशाचें राहिलें, त्याची परंपरा झाली नाहीं.

तिसरी गोष्ट याहून अधिक विचार करण्यासारखी आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत दख्खनभर हिंडला आणि पुणें, घोड, भीमा या बाजूच्या नद्यांतील माशांची त्यानें टिपणें केलीं. तीं १८३९ पासून शास्त्रीय जगांत मान्य झालीं. नवीन माशांना शास्त्रीय नांवें देतांना त्यानें स्थानिक लोकांच्या तोंडचे शब्दच पुष्कळ वेळां लॅटिनमध्यें घातले. दख्खनच्या महासीराचें नांव 'खुद्री', दुसऱ्या एकाचें 'मुसुल्ला', तिसऱ्याचें 'पोटैल', आणि एका संबंध कुळाचें नांव 'रोहटी'. सर्व जगांतील मत्स्यशास्त्रज्ञ आज हीं नांवें लिहितात. ज्या मावळी-देशी माणसांच्या तोंडून हे शब्द निघाले, त्यांचीं नांवें कोठेंहि नाहींत. आणि त्यांच्या शेजारीं, त्याच नद्यांच्या घाटांवर बसून ज्यांनीं मराठी गद्य घडविलें, त्यांच्या पुस्तकांतहि हे शब्द शोधून सांपडावयाचे नाहींत. आपल्या भाषेचे शब्द लॅटिनच्या घरीं सुखरूप राहिले आणि स्वतःच्या घरीं हरवले, याहून मोठी टीका आपल्या वाङ्मयावर दुसऱ्या कोणी करावयास नको.

येथें एका अनुवादाचा विचार केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. हेमिंग्वेच्या 'दि ओल्ड मॅन अँड दि सी' (१९५२) या लघुकादंबरीचा मराठी अनुवाद पु. ल. देशपांडे यांनीं केला, आणि त्याला 'एका कोळियाने' असें नांव दिलें. हें नांव उच्चारतांच मराठी वाचकाच्या कानांत लहानपणीं पाठ केलेली एक कविता घुमूं लागते. तिच्यांतला कोळी हा माणूस नसून जाळें विणणारा जीव आहे. मासे धरणारा कोळी आणि पुन्हां पुन्हां पडूनहि जाळें सोडीत नाहीं तो कोळी, या दोघांना एका शब्दांत आणून चिकाटीचा अर्थ त्यांतून काढावयाचा, ही कल्पना खरोखर रम्य आहे. आणि म्हाताऱ्याच्या स्वभावाला ती शोभते. परंतु मूळ कथेंतील म्हातारा जाळें वापरीत नाहीं. चौऱ्याऐंशी दिवस रिकाम्या हातांनीं परतलेला हा म्हातारा दोऱ्या आणि गळ घेऊन एकटा समुद्रांत जातो. वेगवेगळ्या खोलीवर आमिषें सोडतो. आणि दूर खालीं मासा काय करीत आहे तें बोटांत धरलेल्या दोरीच्या थरथरीवरून ओळखतो. कथेचें सारें बळ त्या एका दोरीवर आहे. जाळ्यांत शेंकडों मासे येतात आणि त्यांतील एकाचीहि ओळख होत नाहीं. दोरीच्या एका टोकाला एक मासा व दुसऱ्या टोकाला एक माणूस असतो, आणि म्हणूनच म्हातारा त्या माशाला भाऊ म्हणूं शकतो. मराठी नांवानें चिकाटी राखली, पण दोरी सुटली. यांत अनुवादकाचा दोष काढावयाचा नाहीं. मराठींत 'कोळी' म्हटलें कीं मनांत जाळेंच उभें राहतें. गळवाल्याला स्वतंत्र नांवच नाहीं. अनुवादक भाषेच्या प्रवाहाबरोबर गेला, एवढेंच यावरून दिसतें.

३

या सर्वांवर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. पोटासाठीं मासा धरणें समजूं शकतें. पण करमणुकीसाठीं एका मुक्या जीवाच्या तोंडांत लोखंड अडकवून त्याला खेळवीत बसणें, आणि त्यावर वर पुस्तकें लिहिणें, ही कसली संस्कृति? हा आक्षेप केवळ आपल्याकडचाच नाहीं. कवि बायरन यानें वॉल्टनची कठोर थट्टा केली आहे; या म्हाताऱ्याच्याच घशांत गळ अडकवावा आणि एखाद्या लहानशा ट्राउटनें तो ओढावा, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. शिवाय, हा साहेबाचा छंद, रिकामटेकड्यांचा, असेंहि म्हटलें जाईल. आणि हिमालयांतील ट्राउट हा साहेबानेंच आणून सोडलेला मासा आहे, हें तर उघडच आहे. काश्मिरांत तो १९०० सालीं रुजला, त्यासाठीं विलायतेहून अंडीं आणावीं लागलीं.

आक्षेपाचा पहिला भाग आम्हांस अर्धा मान्य आहे. केवळ खेळवण्यासाठीं खेळविणें आणि छायाचित्रासाठीं धरणें, यांत आनंद मानणाऱ्यांची बाजू आम्ही घेत नाहीं. परंतु जो वाचक रविवारीं बाजारांतून पापलेट आणतो, त्याला माशाविषयीं दया दाखविण्याचा अधिकार गळवाल्यापेक्षां अधिक कसा पोंचतो? बाजारांतल्या माशाच्या मरणाशीं आपला संबंध पैशापुरता असतो. गळवाल्याला मात्र आपण काय करितों तें स्वतःच्या हातांनीं आणि डोळ्यांनीं अनुभवावें लागतें. या अनुभवांतूनच संयमाची भाषा जन्मली, हें विसरतां कामा नये. थॉमस हा नुसता शौकीन नव्हता. नद्यांतील मासे विष घालून आणि अतिबारीक जाळीं लावून मारले जातात, पिल्लें उरत नाहींत, म्हणून निर्बंध हवे, असें तो आपल्या काळीं कळकळीनें लिहीत होता. लोणावळ्याजवळील वळवण येथें टाटा कंपनीनें १९७० च्या दशकापासून महासीराचीं पिल्लें वाढवून जलाशयांत व नद्यांत सोडण्याचें काम चालविलें; त्यामागें महासीर नष्ट होत आहे ही जी चिंता होती, ती प्रथम गळवाल्यांनींच व्यक्त केली होती. हिमालयाचा सोनेरी महासीर आज संकटग्रस्त जातींत गणला जातो. नदींत मासा आहे किंवा नाहीं, हें जो दिवसभर कांठावर बसतो त्याला इतरांच्या आधीं कळतें.

आक्षेपाच्या दुसऱ्या भागाला उत्तर देणें सोपें आहे. कादंबरी, निबंध, सुनीत हीं सारीं आपण साहेबाकडून घेतलीं आणि तीं आपलींच झालीं. छंद परका असतो तो त्याला आपली भाषा मिळेपर्यंतच. पवईच्या तलावावर गळ टाकणाऱ्यांची संस्था स्वातंत्र्यापूर्वींपासून आहे. तेथें पहांटेपासून बसणाऱ्यांत मराठी माणसें कमी नाहींत. छंद आला, पण त्याच्याबरोबर वॉल्टन आला नाहीं. आमची तक्रार आहे ती एवढीच.

खरें कारण आमच्या मतें निराळें आहे, आणि तें जरा कडू आहे. आपल्या समाजांत जो पाण्याशीं बसतो तो लिहीत नाहीं, आणि जो लिहितो तो पाण्यापर्यंत जात नाहीं. तो फार तर बाजारापर्यंत जातो. कोळी, कातकरी, वारली यांचें ज्ञान हातांत आणि तोंडांत राहिलें. लेखणी दुसऱ्या आळींत राहिली. वॉल्टनच्या पुस्तकांत व्यापारी, शिकारी, गवळण, खानावळवाली हीं एका झाडाखालीं बसून बोलतात. आपल्याकडे तसें झाड उगवलें नाहीं.

४

तरी हें ज्ञान किती अमोल आहे हें वसईच्या कांठावर उभें राहिलें कीं कळतें. पंचांगांतील तिथीची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते: अष्टमीला सुमारें सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. हें गणित येथील अशिक्षित म्हाताऱ्याला घड्याळावांचून येतें. उधाण कोणतें आणि भांग कोणतें, पाण्याला ओढ कधीं असते आणि कधीं तें मंद होतें, यावर त्याचा दिवस बांधलेला असतो. डोल जाळें प्रवाहाच्या तोंडाशीं बांधून ठेवावें आणि बोंबील ओघाबरोबर आंत यावा, यांतहि एक प्रकारें वाट पाहणेंच आहे. खाजणाच्या बांधावर बसून जिताड्यासाठीं गळ टाकणारा, पाग फेंकून बोय धरणारा, पहिल्या पावसांत वलगणीच्या रात्रीं शेतांतून चढणाऱ्या माशांच्या मागें कंदील घेऊन धांवणारा, हे सारे आपल्या शेजारचे लोक आहेत. जून आणि जुलै हे दोन महिने यांत्रिक होड्या बंद ठेवण्याचा कायदा आज आहे. पण पावसाळ्यांत समुद्राला हात लावावयाचा नाहीं आणि नारळी पौर्णिमेनंतरच होडी लोटावयाची, हा नियम कायद्याहून कितीतरी जुना आहे. यांतील एकेका शब्दामागें एकेक प्रकरण आहे. तीं प्रकरणें लिहिलीं गेलीं नाहींत. आणि वसई-विरारचीं तळीं व खाजणें भराव घालून इमारतींखालीं जात असतां, त्या पाण्याचे शब्दहि त्याबरोबर जात आहेत.

हें काम अशक्य आहे असें कोणी म्हणूं नये. अरण्याच्या बाबतींत तें मारुती चितमपल्ली यांनीं करून दाखविलें. वनखात्यांतील नोकरींत त्यांनीं रानांतल्या माणसांच्या तोंडचे शब्द टिपले, आणि 'पक्षिकोशा'पासून ललित निबंधांपर्यंत मराठीला पक्ष्यांची व झाडांची एक नवी भाषा दिली. त्यांच्या आधीं शहरी मराठी वाचकाला पक्षी दहा-पांचच ठाऊक होते. पाण्याला अद्याप आपला चितमपल्ली मिळावयाचा आहे.

तेव्हां दोडीतालच्या बेताविषयीं आमचें सांगणें असें: वॉल्टन आणि कॉर्बेट वाचावे, हेमिंग्वेची ती कथा घरांत मोठ्यानें वाचावी, परंतु यांच्या भरंवशावर जाऊं नये. खाडींतलें गढूळ पाणी आणि त्या तळ्यांतलें थंडगार, तळ दिसणारें पाणी यांचा स्वभाव वेगळा. खाडींतला मासा वासावर येतो आणि भरतीचें ऐकतो. ट्राउट डोळ्यांनीं शिकार करितो, आणि आपली सावली पाण्यावर पडली तरी दूर जातो. म्हणून जाण्यापूर्वीं चार-सहा संध्याकाळी वसईच्याच एखाद्या बांधावर, गळ न टाकतां, जुन्या कोळ्याशेजारीं बसून काढाव्या. ज्याला घरच्या पाण्याकडे पाहण्याची संवय झाली, त्याला परकें पाणीहि आपली ओळख लौकर देतें. वर गेल्यावर ट्राउटबरोबरच तेथल्या ओढ्यांतील मूळच्या माशाची, ज्याला पहाडी लोक असेला म्हणतात त्याची, चौकशी करावी. वाटाड्याला माशांचीं, वाऱ्यांचीं, ढगांचीं नांवें विचारावीं आणि तीं लिहून घ्यावीं. परवानगींत जेवढें धरण्याची मुभा असेल त्याहून कमी धरावें. आणि एकहि मासा लागला नाहीं तर तोहि दिवस तितक्याच तपशिलानें लिहावा. कारण या शाखेंतील चांगल्या पुस्तकांचा पुष्कळसा भाग रिकाम्या दिवसांचाच आहे.

मराठींतलें गळाचें पहिलें चांगलें पुस्तक जेव्हां लिहिलें जाईल, तेव्हां तें वॉल्टनची नक्कल असूं नये. त्यांत संतांनीं दिलेली माशाची व्यथा असली पाहिजे, नाहींतर तें मराठी वाटणार नाहीं. सोमेश्वराची शिस्त असली पाहिजे, नाहींतर तें खोटें ठरेल. आणि ज्यांचे शब्द साइक्सनें नेले पण ज्यांचीं नांवें लिहिलीं नाहींत, त्या माणसांचीं नांवें असलीं पाहिजेत. माशाची बाजू आणि माणसाची बाजू एकाच दोरीच्या दोन टोकांना धरून ठेवील असें गद्य लिहिणें कठिण खरें. परंतु करुणा आणि भूक या दोहोंचीहि खरी ओळख ज्या भाषेला आहे, तिला तें साधण्यासारखें आहे. तें लिहिणारा बहुधा नायगांवच्या किंवा अर्नाळ्याच्या एखाद्या घरांत आज शाळेंत जात असेल. आजोबांच्या होडींतले शब्द त्याच्या कानांवर पडत आहेत. ते शुद्ध नाहींत म्हणून शाळेनें त्याला ते टाकून देण्यास सांगूं नये, इतकेंच.